आयबीएम भारतातून का गेली? एका यंत्राची, एका कायद्याची आणि चाळीस टक्क्यांची कथा

१/ १९७७ सालचा नोव्हेंबर महिना. जगातील सर्वांत बलाढ्य संगणक कंपनी आयबीएम हिने भारतातील आपला कारभार आवरता घेण्याचा निर्णय जाहीर केला. पुढील वर्षीच्या जूनपर्यंत कंपनी गेलीसुद्धा. त्याच सुमारास कोकाकोलाही गेली. त्यामुळे लोकस्मृतीत ही दोन प्रस्थाने एकाच वाक्यात बांधली गेली. परंतु शीतपेयाची बाटली दुकानातून नाहीशी होणे वेगळे, आणि विमा, रेल्वे, तेलकंपन्या यांचे हिशेब ज्या यंत्रांवर चालत त्या यंत्रांची देखभाल करणारी कंपनीच देशाबाहेर जाणे वेगळे.

२/ या घटनेच्या दोन कथा सांगितल्या जातात. पहिली: समाजवादी हट्टापायी सरकारने आधुनिक तंत्रज्ञानाला हाकलले आणि देश पंधरा वर्षे मागे पडला. दुसरी: परकीय मक्तेदारी मोडली आणि त्यातूनच भारताचा सॉफ्टवेअर उद्योग जन्मला. दोन्ही कथा सोप्या आहेत आणि दोन्ही अपुऱ्या आहेत. खरा प्रश्न असा होता की, एका देशात रचलेली यंत्रणा दुसऱ्या देशात चालवायची असेल, तर तिच्यावर हुकूम कोणाचा चालणार?

३/ आयबीएमचे या प्रश्नाचे उत्तर ठरलेले होते. १९४९ साली कंपनीने अमेरिकेबाहेरील व्यवसायासाठी ‘आयबीएम वर्ल्ड ट्रेड कॉर्पोरेशन’ ही स्वतंत्र शाखा उभारली. तिची धुरा थोरल्या थॉमस वॉटसन यांचे धाकटे चिरंजीव आर्थर वॉटसन यांच्याकडे आली. ज्या त्या देशात तिथलेच कर्मचारी नेमायचे, तिथली भाषा आणि रीत सांभाळायची; मात्र यंत्रांची रचना, किमती, भाड्याचे दर आणि मालकी यांचे सूत्र एकाच हाती ठेवायचे, अशी ही पद्धत होती.

४/ या पद्धतीचे सर्वांत मोठे फळ म्हणजे ७ एप्रिल १९६४ रोजी जाहीर झालेली ‘सिस्टिम/३६०’ ही संगणकमालिका. तिची सर्व प्रारूपे एकाच गावी घडली नाहीत. एक प्रारूप इंग्लंडमधील हर्स्ली येथील प्रयोगशाळेत आकाराला आले, दुसरे जर्मनीतील ब्योब्लिंगेन येथे, तर इतर न्यूयॉर्क राज्यात. तरीही एका यंत्रासाठी लिहिलेली आज्ञावली मालिकेतील दुसऱ्यावर चालावी, हा दंडक होता. अनेक देशांत पसरलेले काम एका आराखड्याखाली चालवण्याचा हा त्या काळातील असाधारण प्रयोग होता.

५/ अशा कारभारात प्रत्येक देशातील उपकंपनी शंभर टक्के आपलीच असावी, असा आयबीएमचा आग्रह असे. कारण उघड होते. एका देशातील भागीदाराने उद्या वेगळी किंमत, वेगळे यंत्र वा वेगळी निर्यात मागितली, तर सगळीकडची घडी विस्कटेल. एका देशाला सूट दिली की दुसराही तीच मागणार. म्हणजे भारतातील वाद हा कंपनीच्या दृष्टीने एकट्या भारताचा नव्हताच. हे ध्यानात घेतल्याखेरीज १९७७ चा निर्णय उमगत नाही.

६/ भारतात आयबीएमचा कारभार १९५१ साली सुरू झाला. तेव्हा संगणक नव्हते. होती ती पंचकार्डयंत्रे. जाड कागदाच्या कार्डावर ठरावीक जागी छिद्रे पाडायची, ती कार्डे यंत्राने निवडायची, मोजायची, त्यांवरून तक्ते छापायचे, असे काम चाले. पंचवार्षिक योजना आखणाऱ्या, जनगणना करणाऱ्या नव्या राष्ट्राला आकडेमोडीची भूक होती. मुंबईतील कारखान्यात जुनी यंत्रे दुरुस्त होऊ लागली, पुढे काही यंत्रे येथे तयार होऊन निर्यातही झाली.

७/ याच काळात भारतीय शास्त्रज्ञ मोकळ्या हाताने बसले नव्हते. १९५५ साली कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये ब्रिटिश बनावटीचा ‘एचईसी-२एम’ हा देशातील पहिला अंकीय संगणक आला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखालील तरुणांनी तर स्वतःच संगणक बांधला. १९६० साली तो पूर्णपणे कार्यान्वित झाला आणि १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याला ‘टिफ्रॅक’ हे नाव दिले. संगणक बांधण्याचे ज्ञान देशात होते. तो कारखान्यातून शेकड्यांनी बाहेर काढण्याची व्यवस्था नव्हती.

८/ ही पोकळी आयबीएमच्या ‘१४०१’ ने भरली. १९५९ साली अमेरिकेत जाहीर झालेले हे ट्रान्झिस्टरवर चालणारे यंत्र आजच्या मोजमापाने खेळणे वाटेल. त्याची स्मृती जास्तीत जास्त सोळा हजार अक्षरांची. परंतु त्याला जोडलेला छपाईयंत्राचा संच मिनिटाला सहाशे ओळी छापी. पगारपत्रके, विम्याच्या हप्त्यांच्या नोंदी, मालवाहतुकीचे हिशेब यांसाठी एवढे सामर्थ्य पुष्कळ होते. भारतात ‘संगणक’ म्हणजे बहुतेकांच्या लेखी हेच यंत्र झाले.

९/ यंत्र मात्र विकत मिळत नसे. ते बहुधा भाड्याने घ्यावे लागे. दरमहा भाडे भरायचे, देखभाल कंपनीने करायची, सुटे भाग कंपनीने आणायचे. ग्राहकाला हे सोयीचे होते. अडचण वेगळीच होती. अमेरिकेत वापरून जुनी झालेली यंत्रे भारतात येत, मुंबईत त्यांची डागडुजी होई आणि मग ती येथे भाड्याने दिली जात. अमेरिकेत ‘१४०१’ ची जागा ‘सिस्टिम/३६०’ घेत असताना भारतात ‘१४०१’ चा सुवर्णकाळ सुरू होत होता.

१०/ १९६२ च्या चीन युद्धाने सरकारची दृष्टी बदलली. संरक्षणासाठी लागणारी इलेक्ट्रॉनिक साधने परक्यांवर अवलंबून असणे धोक्याचे आहे, हे लक्षात आले. १९६३ साली होमी भाभा यांच्या अध्यक्षतेखाली इलेक्ट्रॉनिक्स समिती नेमण्यात आली. जानेवारी १९६६ मध्ये विमान अपघातात भाभांचा मृत्यू झाला. समितीचा अहवाल त्याच वर्षी आला. स्वावलंबन हे त्याचे सूत्र होते. पुढे १९६७ साली हैदराबादेत ईसीआयएल ही सरकारी कंपनी, १९७० साली इलेक्ट्रॉनिक्स विभाग आणि १९७१ साली एम. जी. के. मेनन यांच्या अध्यक्षतेखाली इलेक्ट्रॉनिक्स आयोग स्थापन झाला.

११/ संगणकाकडे संशयाने पाहणारे आणखी एक दालन होते, ते म्हणजे कचेरी. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात आयुर्विमा महामंडळाने कोलकात्यात संगणक बसवायचे ठरवले, तेव्हा कर्मचाऱ्यांनी त्या इमारतीवर पहारा बसवला. ज्या देशात पदवीधराला कारकुनीही मिळत नव्हती, तेथे शंभर कारकुनांचे काम करणारे यंत्र कशासाठी, हा त्यांचा प्रश्न होता. त्याला नुसते अज्ञान म्हणून उडवून लावणे अन्यायाचे ठरेल. यंत्र परक्याचे, भाडे परकीय चलनात जाणार आणि नोकरी जाणार ती येथल्या माणसाची, असा तो हिशेब होता.

१२/ या प्रश्नाचा अभ्यास करण्यासाठी केंद्र सरकारने स्वयंचलनावर समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे प्रा. वि. म. दांडेकर, नीळकंठ रथ यांच्यासह त्यांनी केलेला ‘भारतातील दारिद्र्य’ हा अभ्यास याच सुमारास गाजत होता. समितीचा अहवाल १९७२ साली आला. दारिद्र्याचा अभ्यासक संगणकाच्या प्रश्नाला सामोरा जातो, हे त्या काळाचे चित्र बोलके आहे. तंत्रज्ञानाचा विचार तेव्हा रोजगाराच्या विचारापासून वेगळा करता येत नव्हता.

१३/ आयबीएमला भारतीय भागीदारी मान्य करण्यास सरकारने साठच्या दशकाच्या उत्तरार्धातच सुचवले होते. कंपनीने नकार दिला आणि त्या वेळी सरकारने ताणून धरले नाही. पर्यायच नव्हता. देशातील बहुसंख्य संगणक तिचेच होते. ईसीआयएल नुकतीच जन्माला आली होती. ज्याच्याशी वाटाघाट करायची त्याच्याचकडे सर्व यंत्रांच्या किल्ल्या असतील, तर वाटाघाट कशी होणार? पुढील दहा वर्षांत सरकारने जे काही केले, त्याचा मोठा भाग या दुबळेपणावर उपाय शोधण्याचा होता.

१४/ सत्तरच्या दशकात पारडे झुकू लागले. मिनीसंगणक आले, लहान, स्वस्त आणि अनेक कंपन्यांचे. १९७१ साली पहिला व्यावसायिक मायक्रोप्रोसेसर बाजारात आला. एका महाकाय यंत्राभोवती सारी कचेरी फिरवण्याऐवजी लहान यंत्रे जागोजागी बसवता येतील, असे दिसू लागले. इलेक्ट्रॉनिक्स विभागातील तज्ज्ञांनी हा बदल हेरला. आता एका कंपनीशिवाय अडणार नाही, हा विश्वास तिथून आला.

१५/ संसदेतही वातावरण तापले. लोकलेखा समितीने १९७५-७६ च्या आपल्या अहवालात सरकारी खात्यांतील संगणकीकरणाची झाडाझडती घेतली आणि आयबीएमवर कठोर टीका केली. कालबाह्य यंत्रे आणून ती नव्याच्या भावाने भाड्याने देणे आणि त्यातून मोठा नफा परदेशी नेणे, हा आक्षेपाचा गाभा होता. कंपनीची बाजू अशी होती की, तिने माणसे शिकवली, निर्यात केली आणि ग्राहकाला गरजेपुरते यंत्र दिले. दोन्ही विधानांत तथ्य होते, आणि म्हणूनच वाद मिटत नव्हता.

१६/ अंतिम पेच पडला तो कायद्याने. परकीय चलन नियमन कायदा, म्हणजेच ‘फेरा’, १९७३ साली संमत झाला आणि १ जानेवारी १९७४ पासून अमलात आला. त्याच्या २९ व्या कलमान्वये भारतातील परकीय कंपन्यांना आपले भागभांडवल साधारणपणे चाळीस टक्क्यांपर्यंत खाली आणावे लागणार होते. निर्यातप्रधान वा अत्यंत प्रगत तंत्रज्ञान आणणाऱ्या कंपन्यांना अधिक वाटा ठेवता येई. प्रश्न एवढाच की, जुनी ‘१४०१’ भाड्याने देणे याला प्रगत तंत्रज्ञान म्हणायचे काय?

१७/ आयबीएमने मधला मार्ग सुचवला. आपल्या भारतीय कारभाराचे दोन भाग करावेत. ग्राहकांची माहिती संगणकावर हाताळून देणारी सेवाकेंद्रे भारतीय भागीदारीच्या कंपनीत जावीत, आणि निर्मिती, विक्री व देखभाल मात्र पूर्ण मालकीची राहावी. सरकारने हे मानले नाही. जिथे खरे नियंत्रण आहे, तोच भाग कंपनी स्वतःकडे ठेवत आहे, हे दिल्लीला दिसत होते. जिथे खरे नियंत्रण आहे तोच भाग सोडता येत नाही, हे न्यूयॉर्कमध्ये ठरलेले होते.

१८/ इतरांनी वाट काढली. ब्रिटिश कंपनी आयसीएलने, जिचा पुण्यात कारखाना होता, आपला वाटा चाळीस टक्क्यांवर आणला. अमेरिकेच्या बरोज कंपनीने टाटा समूहाशी भागीदारी करून ‘टाटा बरोज’ ही कंपनी काढली. म्हणजे कायदा पाळून भारतात संगणकाचा व्यवसाय करणे अशक्य नव्हते. आयबीएमसाठी मात्र भारतातील उत्पन्न एकूण व्यवसायाच्या मानाने किरकोळ होते. जगभरचे सूत्र मोडण्याची किंमत त्याहून जड होती.

१९/ लोककथेत या प्रकरणाचे नायक वा खलनायक ठरतात जॉर्ज फर्नांडिस. मुंबईच्या कामगार चळवळीतून पुढे आलेले हे नेते १९७७ साली जनता सरकारात उद्योगमंत्री झाले, हे खरे. परंतु फेरा कायदा इंदिरा गांधींच्या काळातला, लोकलेखा समितीचा अहवाल त्याच काळातला आणि आयबीएमशी वाटाघाटीही तेव्हाच सुरू झालेल्या. जनता सरकारने धोरण नव्याने घडवले नाही. आधीच्या सरकारची अट शिथिल केली नाही, एवढेच. व्यक्तींच्या स्वभावातून इतिहास समजावण्याची सवय येथे दिशाभूल करते.

२०/ इतर देशांनी याच कंपनीशी काय केले? जपानने १९६० साली वेगळा सौदा केला. आयबीएमला तेथे पूर्ण मालकीने उत्पादन करू दिले, पण बदल्यात तिची पेटंटे जपानी कंपन्यांना परवान्याने वापरता यावीत, अशी अट घातली. मालकीऐवजी ज्ञानावर बोट ठेवले. फुजित्सु, हिताची यांसारख्या कंपन्यांना पुढे त्याचा लाभ झाला. मात्र जपानकडे तोवर तगडा इलेक्ट्रॉनिक उद्योग होता. परवाना हाती पडताच त्याचे यंत्र करणारे कारखाने तयार होते.

२१/ ब्राझीलने तिसरी वाट धरली. १९७६ पासून तेथील सरकारने लहान संगणकांची बाजारपेठ देशी कंपन्यांसाठी राखून ठेवण्यास प्रारंभ केला. आयबीएम तेथे राहिली, महाकाय संगणक बनवत राहिली. पण लहान यंत्रांत तिला मज्जाव होता. १९८४ साली याचा आठ वर्षांचा कायदा झाला. १९८५ मध्ये रेगन सरकारने या धोरणाविरुद्ध व्यापारी चौकशी सुरू केली. देशी अभियंत्यांची पिढी घडली, पण संगणक महाग राहिले आणि चोरटी आयात बोकाळली. १९९२ मध्ये राखीव बाजारपेठ संपली.

२२/ आता पुन्हा भारतात. १९७८ मध्ये आयबीएम गेली, तेव्हा यंत्रे बंद पडली नाहीत. त्याचे एक कारण कंपनीच्याच पद्धतीत होते: तिचे येथील अभियंते भारतीय होते. दुसरे कारण, सरकारने आधीच तयारी केली होती. कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन, म्हणजे सीएमसी, ही सरकारी कंपनी देखभालीसाठीच काढण्यात आली होती. आयबीएमच्या यंत्रांची जबाबदारी तिने उचलली आणि कंपनीतील अनेक अनुभवी माणसे तिच्याकडे आली. काही माजी कर्मचाऱ्यांनी ‘आयडीएम’ नावाची स्वतःची कंपनी काढून सेवाकेंद्रे चालू ठेवली.

२३/ सीएमसीपुढे विचित्र काम होते. एका कंपनीचा अभियंता एकाच कंपनीची यंत्रे जाणतो. सीएमसीच्या अभियंत्याला मात्र निरनिराळ्या देशांतून आलेली, निरनिराळ्या बनावटीची यंत्रे चालती ठेवायची होती. सुटे भाग वेळेवर मिळतील याची खात्री नसताना. या सक्तीच्या शिक्षणाचे फळ १९८६ साली दिल्लीत दिसले. रेल्वेची संगणकीय आरक्षण प्रणाली सीएमसीने उभी केली. ज्या यंत्राला ‘रोजगार गिळणारे’ म्हटले गेले, त्याने सामान्य प्रवाशाची रांग आखूड केली. संगणकाविषयीचे जनमत पालटण्यास या खिडकीने मोठा हातभार लावला.

२४/ दुसरी धारा मुंबईतून निघाली. १९६८ साली टाटा समूहाने एमआयटीतून परतलेल्या काही तरुणांच्या पुढाकाराने संगणक केंद्र सुरू केले. तीच टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस. टाटा वीज कंपन्यांतून आलेले फकीरचंद कोहली १९६९ मध्ये तिचे प्रमुख झाले. सुरुवातीची कामे अगदी घरगुती: समूहातील कंपन्यांचे हिशेब, सेंट्रल बँकेच्या शाखांमधील व्यवहारांची जुळणी, मुंबईच्या टेलिफोन निर्देशिकेची मांडणी. देशी बाजार एवढाच होता आणि त्यावर मोठी कंपनी उभी राहणे शक्य नव्हते.

२५/ निर्यात हा मार्ग सरकारी नियमानेच दाखवला. परदेशी संगणक आणायचा असेल तर त्यावर शंभर टक्क्यांहून अधिक आयातशुल्क आणि वर, त्याच्या बदल्यात सॉफ्टवेअर निर्यात करून परकीय चलन मिळवण्याची हमी, अशी अट होती. या अटीवर टीसीएसने १९७४ मध्ये बरोजचा संगणक आणला आणि बरोजच्याच अमेरिकी ग्राहकांसाठी आज्ञावल्या लिहिण्यास सुरुवात केली. एका यंत्रावरील आज्ञावली दुसऱ्या यंत्रावर नेण्याचे हे किचकट काम होते. परकीय चलनाच्या टंचाईवरील उपाय म्हणून घातलेली अट अशा रीतीने एका उद्योगाची पायवाट ठरली. धोरणकर्त्यांच्या कल्पनेत तेव्हा एवढा विस्तार नव्हता.

२६/ म्हणजे निर्यातीची सुरुवात आयबीएमच्या जाण्याच्या आधी झाली होती, नंतर नव्हे. मुंबईत अंधेरीला ‘सीप्झ’ हे निर्यात क्षेत्र १९७३ मध्येच स्थापन झाले होते. अमेरिकेत शिकलेले नरेंद्र पटनी तेथील कागदपत्रे यंत्रवाचनीय स्वरूपात आणण्याचे काम पुण्यात करून घेत होते. पुढे त्यांच्याच कंपनीतून बाहेर पडलेल्या तरुणांनी जुलै १९८१ मध्ये पुण्यात इन्फोसिसची नोंदणी केली. ‘आयबीएम गेली म्हणून सॉफ्टवेअर आले’ हे समीकरण तारखांच्या कसोटीला उतरत नाही.

२७/ मग आयबीएमच्या जाण्याने बदलले काय? यंत्रांची विविधता वाढली. १९७६ मध्ये स्थापन झालेली एचसीएल, त्यानंतर विप्रो, अशा देशी कंपन्यांना लहान संगणकांच्या बाजारात जागा मिळाली. एकाच कंपनीच्या पद्धतीत न वाढलेल्या भारतीय अभियंत्यांना कोणत्याही यंत्राशी जुळवून घ्यावे लागले. जगात पुढे युनिक्ससारख्या, एका उत्पादकाशी न बांधलेल्या प्रणालींचे दिवस आले, तेव्हा ही सवय उपयोगी पडली. हा लाभ कोणी आधी योजला नव्हता.

२८/ किंमतही मोजावी लागली आणि ती लपवू नये. ईसीआयएलची टीडीसी मालिकेतील यंत्रे आली, पण महाग पडत आणि ग्राहकांना ताटकळावे लागे. संशोधकाला, रुग्णालयाला वा लहान कारखान्याला हवा तो संगणक आणण्यासाठी परवान्यांच्या मागे हिंडावे लागे. बँकांत तर १९८३ मध्ये कर्मचारी संघटनांशी करार झाल्यावर आणि रंगराजन समितीच्या शिफारशींनंतरच यंत्रांना हळूहळू शिरकाव मिळाला. स्वावलंबनाचा खर्च तिजोरीतून जातो तसा तो लोकांच्या वेळेतूनही जातो. दुसऱ्या खर्चाचा हिशेब कोणी ठेवत नाही.

२९/ नोव्हेंबर १९८४ मध्ये राजीव गांधी सरकारने नवे संगणक धोरण जाहीर केले; आयात सुलभ झाली, शुल्क घटले. १९८५ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने बंगळुरात केंद्र उघडले आणि उपग्रहाच्या दुव्याने येथील अभियंत्यांचे काम अमेरिकेत पोहोचू लागले. आता माणसाला विमानात बसवून पाठवण्याची गरज उरली नाही. कामच प्रवास करू लागले. देशोदेशी विखुरलेले काम एका आराखड्यात बांधण्याची जी रीत आयबीएमने साठच्या दशकात हर्स्ली आणि ब्योब्लिंगेन येथे वापरली, तिच्यात आता भारतीय शहरे सामील झाली.

३०/ तथापि परावलंबनाचा काटा गेला नव्हता. ऐंशीच्या दशकात भारताने महासंगणक मागितला, तेव्हा अमेरिकेने हवामानखात्याच्या कामापुरते क्रे यंत्र दिले, तेही कडक अटींवर. अधिक सामर्थ्याचे यंत्र नाकारले. त्या नकारातून १९८८ साली पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली. अकोला जिल्ह्यातील मुरंबा गावचे विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ तयार झाला. त्यातील प्रक्रियक परदेशी होते, पण ते एकत्र जोडून समांतर चालवण्याची रचना येथली होती. स्वावलंबन म्हणजे प्रत्येक खिळा स्वतः घडवणे नव्हे, हा धडा दरम्यान शिकला गेला होता.

३१/ १९९२ मध्ये आयबीएम परतली आणि परतली ती टाटांच्या भागीदारीत. १९७७ मध्ये जे तत्त्व अमान्य होते, ते पंधरा वर्षांनी मान्य झाले. काळाच्या ओघात भागीदारी संपली आणि आयबीएम पुन्हा स्वतःच्या मालकीने येथे उभी राहिली. २०१७ साली न्यूयॉर्क टाइम्सने दिलेल्या वृत्तानुसार कंपनीचे भारतातील कर्मचारी सुमारे एक लाख तीस हजार होते, अमेरिकेतील संख्येहून अधिक. जुनी यंत्रे खपवण्याची जागा म्हणून पाहिला गेलेला देश कंपनीच्या कामाचे मुख्य ठाणे बनला होता.

३२/ वाद मात्र जुना झालेला नाही. त्याचा विषय बदलला. यंत्राच्या जागी आता माहिती आली. एप्रिल २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने भारतातील देयक व्यवहारांची माहिती भारतातच साठवण्याचा आदेश दिला. त्याच वर्षी मे महिन्यात युरोपीय संघाचा माहितीसंरक्षण नियम लागू झाला. भारताचा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ चा. जगभर एकच आराखडा हवा असणाऱ्या कंपन्या आणि आपल्या हद्दीत आपला शब्द चालावा असे म्हणणारी राष्ट्रे पुन्हा समोरासमोर आहेत.

३३/ १९७७ च्या प्रकरणातून आजच्यासाठी एक गोष्ट निश्चित घेता येते. भारताचा नकार टिकला, कारण त्यामागे सीएमसी होती, कानपूरच्या आयआयटीत १९६३ पासून संगणकावर शिकलेली पिढी होती आणि आयबीएमनेच घडवलेले भारतीय अभियंते होते. ती माणसे नसती, तर चाळीस टक्क्यांची अट कागदावरच राहिली असती, अथवा यंत्रे धूळ खात पडली असती. म्हणून एखादे राष्ट्र परक्या तंत्रज्ञानाला अट घालते, तेव्हा कायद्याचे कलम वाचण्याबरोबरच हेही पाहावे की, उद्या ती कंपनी खरोखर निघून गेली तर यंत्र चालवणारी माणसे त्या देशात किती आहेत.